एकाच कातळावर श्मिट हॅमरचे आकडे २२ ते ५१: घोळ कुठे होतो आणि कसा निस्तरायचा

तक्रार ठरलेली असते. घाटरस्त्याच्या कापावर किंवा पुलाच्या पायाच्या खड्ड्यात श्मिट हॅमर, म्हणजे ठोक्याच्या उसळीवरून खडकाची ताकद सांगणारा आपला रिबाउंड हॅमर, लावला. हातभर जागेत एक ठोका ५० दाखवतो आणि शेजारचा २६. सगळ्यांची सरासरी काढून खडकाची ताकद लिहिली. मग कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेले दंडगोल नमुने, प्रयोगशाळेत गेले आणि तिथून दीडपट नाहीतर निम्माच आकडा परत आला. कुणी म्हणतं हॅमर बिघडलाय, कुणी म्हणतं लॅबवाल्यांनी नमुन्याची टोकं नीट घासली नाहीत. खोदाईचा दर 'कठीण खडक की नरम खडक' यावर ठरणार असेल तर हा वाद मोजमाप पुस्तकापर्यंत जातो आणि काम अडतं.

बहुतेक वेळा हॅमरही ठीक असतो आणि लॅबही. आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजून त्यांना एकच नाव दिलेलं असतं. दोष शोधायचा क्रम असा ठेवा: आधी दगड, मग पृष्ठभाग, मग यंत्र आणि सगळ्यात शेवटी सूत्र. साईटवर नेमकं उलटं होतं. आकडा पटला नाही की पहिल्यांदा सूत्र बदललं जातं, दुसरं कुठलंतरी सूत्र इंटरनेटवरून उचललं जातं आणि जे हवं ते उत्तर मिळेपर्यंत हा खेळ चालतो. पुढचं सगळं मी दख्खनच्या बेसाल्टला धरून लिहितोय, कारण महाराष्ट्रात काम करणाऱ्या बहुतेकांच्या हाताखाली तोच येतो.

आकड्यांचा आकार बघा, सरासरी नंतर

वीस ठोके घेतले असतील तर ते चढत्या क्रमाने लिहून काढा. एवढ्यानेच निम्मं निदान होतं.

आकडे दोन थव्यांत विभागले गेले, समजा काही २८ च्या आसपास आणि काही ४७ च्या आसपास, आणि मध्ये कुणीच नाही, तर तुम्ही दोन वेगळे खडक किंवा एकाच खडकाच्या दोन अवस्था मोजल्या आहेत. त्यांची सरासरी ३७ येईल आणि ३७ चा खडक त्या कापात कुठेही नसेल.

बहुतेक आकडे वर एकत्र आणि खाली चार-पाच घसरलेले, तर पृष्ठभागाचा दोष. सगळेच्या सगळे कमी आणि तरी एकमेकांना धरून, तर एकतर खडक खरंच कुजलेला आहे, किंवा धोंडा मागून सुटलेला आहे, किंवा यंत्राची स्प्रिंग थकली आहे. सगळेच संशय यावा इतके जास्त, तर हॅमरचा प्रकार तपासा. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

दगड: एका कापात दोन-तीन खडक असतात

दख्खनमध्ये लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. एकाच थरात गाभ्याला घट्ट काळा पाषाण असतो आणि माथ्याकडे गॅसच्या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट वगैरे खनिजांनी भरून गाठीगाठींचा झालेला खडक, ज्याला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी गेरूसारखा लाल थर. पश्चिम महाराष्ट्रात तर बरेच थर लहान लहान लाव्हाजिभा एकमेकींवर चढून बनलेले आहेत, त्यामुळे मीटर-दीड मीटरच्या उंचीत घट्ट, गाठीदार आणि परत घट्ट असं सहज सापडतं. ताज्या कापावर हे डोळ्यांना दिसतं. धूळ बसलेल्या, पावसाने काळवंडलेल्या जुन्या कापावर मात्र सगळं एकसारखंच भासतं.

म्हणून हॅमर बाहेर काढायच्या आधी खडूने सीमा आखा. भूशास्त्राची हातोडी घेऊन प्रत्येक पट्ट्यात ठोकून बघा आणि एक ढलपी काढून ताजा फुटवा, म्हणजे नुकती फुटलेली बाजू, पाहा. आयएसआरएमची, म्हणजे आंतरराष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्थेची, हातपरीक्षेची श्रेणी इथे फार कामाची आहे आणि तिला खर्च शून्य. चाकूने सोलला जातो पण मुश्किलीने, आणि हातोडीच्या टोकाने उथळ खाच पडते: ५ ते २५ एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं एकक). चाकू लागत नाही, पण हातोडीच्या एका जोरकस घावात तुकडा फुटतो: २५ ते ५०. एकाहून जास्त घाव लागतात: ५० ते १००. पुष्कळ घाव घालावे लागतात: १०० ते २५०. फक्त कपच्या उडतात: २५० च्या वर. ही श्रेणी ढोबळ आहे, पण खोटं बोलत नाही. यंत्राचा आकडा आणि हातोडीची श्रेणी यांच्यात एका पायरीहून जास्त फरक पडला तर यंत्राचा आकडा लिहू नका, कारण शोधा.

गाठीदार खडकात आणखी एक अडचण आहे. प्लंजरचं, म्हणजे हॅमरच्या पुढच्या दांड्याचं, टोक लहान असतं आणि स्टिल्बाइट किंवा हेउलँडाइट या झिओलाइटांच्या गाठी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या असू शकतात. म्हणजे एक ठोका नुसत्या गाठीवर पडतो आणि शेजारचा दोन गाठींमधल्या बेसाल्टवर. झिओलाइट मऊ आणि चटकन चिरणारी, त्यामुळे तिथे आकडा कोसळतो. नीट पाहिलं तर तिथे पांढरी भुकटी उडून वाटीसारखा खळगाही पडलेला दिसतो. हा आकडा चुकीचा नाही, तो त्या खडकाचाच भाग आहे. पण मग वीस ठोके पुरत नाहीत. पट्टा मोठा घ्या, ठोके वाढवा आणि गाठींचा आकार व साधारण टक्केवारी शेजारी लिहा. गाठी मोठ्या असतील तर मी तिथे हॅमरवर अवलंबून राहत नाही, सरळ पॉइंट लोड चाचणीकडे (दोन शंकूंमध्ये दाबून तुकडा फोडणं) किंवा मोठ्या व्यासाच्या कोअरकडे जातो.

पृष्ठभाग: बहुतेक दोष इथलेच

हॅमर उसळी मोजतो. आतलं वजन स्प्रिंगने प्लंजरवर आदळतं आणि जितकी ऊर्जा खडकात जिरत नाही तितकं मागे उसळतं. पृष्ठभागावर जे काही बिघडलेलं असेल, म्हणजे धूळ, शेवाळ, कुजकी साल, बारीक चीर, खडबडीत टेंगूळ, सुटा धोंडा, ते ऊर्जा खातं आणि आकडा खाली ओढतं. आकडा खोटाच वर नेईल असं पृष्ठभागावर फारसं काही नसतं. म्हणून आकड्यांची शेपूट जवळजवळ नेहमी खालच्याच बाजूला असते.

हॅमरच्या पेटीत एक घासायचा दगड मिळतो. तो पेटीतच राहतो, हे मी वारंवार पाहिलंय. तळहाताएवढी जागा त्याने गुळगुळीत होईपर्यंत घासा, भुकटी फुंकरीने किंवा ब्रशने झटका, मगच ठोके घाला. प्रत्येक ठोक्याची जागा वेगळी, आणि दोन जागांमध्ये निदान प्लंजरच्या व्यासाइतकं अंतर. धोंड्याच्या कडेपासून आणि सांध्यापासून, म्हणजे कातळातल्या नैसर्गिक चिरेपासून, दूर राहा. दिसत नसलेला सांधा आत तीन-चार बोटांवर असला तरी तो आकडा खातो. ठोक्याखाली खडक १० सेंटिमीटर तरी अखंड असावा.

कुजकी साल आहे की नाही ते ओळखायला एक सोपी युक्ती. एकाच जागेवर मुद्दाम पाचेक ठोके घाला. ताज्या काळ्या पाषाणात पहिल्या आणि पाचव्या ठोक्यात फार फरक पडत नाही. साल कुजलेली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्यापासून आकडा चढत जातो, कारण मऊ थर चुरडून प्लंजर आतल्या खडकाला भिडत असतो. हे चढलेले आकडे ताकद काढायला वापरायचे नाहीत, ते फक्त निदानासाठी. साल जाड निघाली तर छिन्नीने ती उडवून नव्याने सुरुवात करा.

सुटा धोंडा कानाने कळतो. अखंड कातळावर हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो आणि मनगटाला झटका बसतो. मागे पोकळी किंवा उघडा सांधा असेल तर आवाज बद्द येतो. स्तंभाकार बेसाल्टमध्ये हे फार फसवतं. समोरचा स्तंभ घट्ट दिसतो, दगड ताजा असतो, आणि तरी आकडे ३५ च्या वर जात नाहीत, कारण स्तंभ मागच्या सांध्यावर किंचित हलतो. अशा वेळी शेजारचा, पक्का रुतलेला स्तंभ घ्या. जमिनीवर पडलेल्या लहान दगडांवर हॅमर लावून काढलेले आकडे तर कागदावर चढवूच नका.

ओल हाही पृष्ठभागाचाच भाग समजा. पाझर असलेल्या कापावर पावसाळ्यात घेतलेले आकडे उन्हाळ्यातल्या आकड्यांपेक्षा कमी येतात, आणि खडक जितका सच्छिद्र तितका फरक जास्त. काळ्या पाषाणात तो जेमतेम जाणवतो, मांजऱ्या आणि लाल थरात चांगलाच. नोंदवहीत 'कोरडा, ओलसर, भिजलेला' यांपैकी एक शब्द लिहिला नाही तर पुढे लॅबच्या आकड्याशी तुलनाच करता येत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. उताराची स्थिरता तपासताना कधी कधी सांध्याच्या भिंतीचीच ताकद हवी असते, कारण घसरण त्याच कुजक्या पृष्ठभागावरून होणार असते. तिथे घासायचं नाही. सांध्याची भिंत जशी आहे तशीच मोजायची. आतल्या ताज्या दगडाचा आकडा उताराच्या गणितात घातला तर उतार कागदावर सुरक्षित होतो आणि पावसात खाली येतो. म्हणून प्रत्येक मोजणीच्या आधी स्वतःला विचारा: मला दगडाची ताकद हवी आहे की सांध्याच्या भिंतीची?

यंत्र: एल की एन, आणि ऐरण कुठे आहे?

श्मिट हॅमर मुळात काँक्रीटसाठी जन्मला, १९४० च्या दशकाच्या अखेरीस. खडकावर त्याचा वापर नंतर सुरू झाला. साईटवर जो हॅमर सहज सापडतो तो काँक्रीटचा एन-टाइप. त्याची आघात ऊर्जा २.२०७ न्यूटन-मीटर, तर एल-टाइपची ०.७३५, म्हणजे एक तृतीयांश. खडकासाठीची जुनी आणि सर्वाधिक वापरली जाणारी सूत्रं एल-टाइपवर बसवलेली आहेत. त्याच खडकावर एन-टाइप वरचा आकडा देतो. एन ने मोजून एल च्या सूत्रात घातलं की बेसाल्ट कागदावर पोलादासारखा होतो. अहवालात नुसतं 'रिबाउंड क्रमांक ५२' असं लिहिलेलं असेल आणि हॅमरचा प्रकार नसेल, तर तो आकडा निरुपयोगी समजून बाजूला ठेवा.

त्याहून वाईट म्हणजे हॅमरच्या अंगावर छापलेला आलेख वापरणं. तो काँक्रीटच्या क्यूबचा आलेख आहे. बेसाल्टसाठी त्यातून काहीही वाचायचं नाही.

नव्या डिजिटल हॅमरची गोष्ट आणखी वेगळी. सिल्व्हर श्मिट किंवा रॉक श्मिट उसळीचं अंतर मोजत नाहीत, आघाताच्या लगेच आधीचा आणि लगेच नंतरचा वेग मोजून त्यांचं गुणोत्तर देतात. त्या आकड्याला क्यू म्हणतात. त्याला दिशेची दुरुस्ती लागत नाही, आणि तो जुन्या हॅमरच्या आर च्या (रिबाउंड क्रमांकाच्या) सूत्रात घालायचाही नाही. दोन उपकरणांचे आकडे एका तक्त्यात मिसळले की वर्षभराची नोंद वाया जाते.

प्रत्येक मोहिमेआधी आणि नंतर ऐरणीवर, म्हणजे हॅमर तपासायच्या पोलादी ठोकळ्यावर, दहा ठोके. ऐरणीसाठी ठरवून दिलेला आकडा भागिले तुमच्या दहा ठोक्यांची सरासरी, हा तुमचा दुरुस्ती गुणक. तो एकच्या अगदी जवळ असेल तर सगळ्या आकड्यांना गुणून पुढे जा. बराच दूर असेल तर गुणू नका, हॅमर सर्व्हिसिंगला द्या. आतला मार्गदर्शक दांडा क्रशरच्या धुळीने जड झालेला असतो. तो कोरड्या कापडाने पुसा, त्यावर तेल घालू नका, तेलावर धूळ आणखी चिकटते.

दिशा हा शेवटचा मुद्दा. हॅमर खाली रोखला तर उसळणारं वजन गुरुत्वाविरुद्ध वर येतं, म्हणून आकडा कमी. छताकडे रोखला तर उलट, आकडा जास्त. खाली रोखलेली स्थिती प्रमाण धरली तर ४० च्या आसपासच्या आकड्यातून आडव्या ठोक्यासाठी साधारण २.७ आणि सरळ वर रोखलेल्यासाठी ६.६ वजा करायचे. बोगद्याच्या छतावर आणि भिंतीवर वेगवेगळा खडक 'सापडतो' तो कित्येकदा याच कारणाने.

सूत्र: वीस आकडे, तीन उत्तरं

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. काळ्या पाषाणाचा उभा काप, हॅमर एल-टाइप, आडवा, न घासलेला पृष्ठभाग. ठोके समजा असे: ४८, ४६, ३१, ५०, ४७, २२, ४९, ४५, २८, ५१, ४७, ४४, ३६, ४८, ५०, २६, ४६, ४९, ४३, ४७.

सरळ सरासरी: ४२.७.

आयएसआरएमची १९७८ ची रीत: वीसपैकी वरचे दहा ठेवा, खालचे दहा सोडा. उत्तर ४८.६. ही रीत कठोर वाटते, पण वर सांगितलेलं कारण तिच्या मागे आहे: खालचे आकडे पृष्ठभागाचे असतात.

तिसरी रीत अमेरिकन एएसटीएम मानकातली. तिथे मुळात दहा ठोके घेतात आणि सरासरीपासून ७ पेक्षा जास्त दूर असलेले सोडून देतात. तोच नियम आपल्या वीस आकड्यांना लावला तर २२, २६, २८, ३१ जातात, पण त्यांच्याबरोबर ५०, ५० आणि ५१ हेही जातात. वाईट आकड्यांनी सरासरी इतकी खाली ओढली की चांगलेच आकडे बाहेर पडले. उत्तर ४५.८.

आता डिअर आणि मिलर यांचं १९६६ चं नातं लावू: ताकदीचा दहाच्या पायाचा लॉगरिदम बरोबर ०.०००८८ गुणिले घनता गुणिले रिबाउंड, अधिक १.०१. घनता किलोन्यूटन प्रति घनमीटरमध्ये, ताकद एमपीएमध्ये, हॅमर एल-टाइप आणि खाली रोखलेला. घनता २८ धरून आणि आडव्या दिशेची दुरुस्ती करून सरळ सरासरीतून सुमारे ९९ एमपीए निघतात, सातच्या नियमातून १२०, वरच्या दहातून १४२. दगड तोच, ठोके तेच.

इथून दोन गोष्टी घ्या. पहिली, या घनतेला रिबाउंडमधलं एक एकक चुकलं की ताकद सुमारे ६ टक्क्यांनी हलते. म्हणून दिशेची तीन एककं विसरणं ही किरकोळ बाब नाही. आणि घनता अंदाजाने घेऊ नका. काटा आणि पाण्याची बादली असली की ती साईटवर काढता येते. मांजऱ्याची घनता काळ्या पाषाणापेक्षा बरीच कमी भरते आणि सूत्रात ती थेट घातांकात बसते.

दुसरी गोष्ट, कुठल्या चुकीमागे धावायचं हे वापर ठरवतो. बिएनियाव्स्कींच्या आरएमआर वर्गीकरणात, म्हणजे कातळाला गुण देऊन त्याची प्रत ठरवण्याच्या पद्धतीत, दगडाच्या ताकदीला १०० पैकी जास्तीत जास्त १५ गुण. १०० ते २५० एमपीएला १२ आणि ५० ते १०० ला ७. म्हणजे १२० आणि १४२ मध्ये भांडण्यात अर्थ नाही, दोन्हीला १२. पण ९९ आणि १२० मध्ये पाच गुणांचा फरक पडतो, आणि आधारव्यवस्थेचा वर्ग सीमेवर असेल तर तेवढ्याने तो बदलतो. आकडा अशा सीमेजवळ आला तरच पुन्हा साईटवर जा, पृष्ठभाग घासा, नव्याने वीस ठोके घ्या.

नीट घासलेल्या जागेवर मी काहीही सोडत नाही. आयएसआरएमने २००९ मध्ये सुधारलेली रीतही तेच सांगते: आकडे फेकू नका, सगळे नोंदवा, आणि सलग दहा आकड्यांमध्ये चारच्या आतच फरक असेल तर वीसच्या आधी थांबलात तरी चालेल. ज्या जागेवर आकडे फेकावे लागतात ती जागाच तयार झालेली नसते.

डिअर-मिलरच्या मूळ आलेखावर फैलावाच्या रेषाही आहेत आणि ताकद वाढेल तसा तो फैलाव वाढत जातो. अहवालात '१४२.३ एमपीए' असं दशांशासह लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता विकणं. '१२० ते १६०' असं लिहा.

पॉइंट लोड: आकडा दुप्पट का येतो

हॅमरवर विश्वास बसत नसेल तर पॉइंट लोड यंत्र हा साईटवरचा सगळ्यात चांगला दुसरा साक्षीदार आहे. कोअर नसला तरी ओबडधोबड ढेकळावर चालतं. आपल्याकडे त्यासाठी आयएस ८७६४ हे भारतीय मानक आहे. पण यातही एक घोळ पुन्हा पुन्हा सापडतो. कोअरवर आडवा दाब देताना भार भागिले व्यासाचा वर्ग असं करायची सवय झालेली असते, आणि तेच ढेकळाला लावलं जातं.

समजा ढेकूळ ७० मिलिमीटर रुंद, दोन शंकूंमधलं अंतर ४५ मिलिमीटर, आणि १८ किलोन्यूटनला फुटलं. ४५ चा वर्ग २०२५. त्याने भागलं तर ८.९ एमपीए, गुणिले २४ (निर्देशांकावरून ताकद काढायचा नेहमीचा गुणक) म्हणजे २१३. खरं म्हणजे ढेकळासाठी समतुल्य व्यासाचा वर्ग घ्यायचा: ४ गुणिले रुंदी गुणिले अंतर, भागिले पाय (π). तो इथे ४०११ येतो, म्हणजे समतुल्य व्यास ६३ मिलिमीटर. भागाकार ४.५ एमपीए. ५० मिलिमीटरच्या मापाला आणायचा गुणक, म्हणजे ६३ भागिले ५० चा ०.४५ वा घात, १.११. निर्देशांक ५.०. गुणिले २४ म्हणजे १२०. २१३ चा खडक १२० चा झाला, आणि आता तो हॅमरच्या आकड्याशीही जुळतो.

दुसरी तपासणी फुटव्याची. चीर दोन्ही शंकूंच्या टोकांतून गेली तरच चाचणी वैध. कोपरा उडाला, कड निसटली किंवा जुन्या चिरेवर तुकडा उघडला तर तो आकडा खोडा. ताजा फुटवा आणि जुनी चीर ओळखणं सोपं आहे. जुन्या चिरेवर तपकिरी किंवा हिरवट लेप असतो, झिओलाइटची पापुद्र्यासारखी खपली असते. ताजा फुटवा गडद करडा आणि खरखरीत. नमुन्याचे दोन्ही तुकडे फेकू नका, टेबलावर मांडून ठेवा आणि फोटो काढा. वाद झाला की तेच बोलतात.

भार दहा ते साठ सेकंदांत फुटेल अशा बेताने वाढवा. तरफ जोरजोरात मारली की आकडा बिघडतो. गेज दाब दाखवतं की भार, हे बघा. दाब दाखवणाऱ्या गेजचा आकडा जॅकच्या पिस्टनच्या क्षेत्रफळाने गुणावा लागतो. शंकूंची टोकं ५ मिलिमीटर त्रिज्येची असायला हवीत. बेसाल्टवर पुष्कळ काम झालं की ती चपटी होतात आणि मग भार फुगतो. दहा वैध चाचण्या घ्या, सगळ्यात वरचे दोन आणि सगळ्यात खालचे दोन सोडून उरलेल्यांची सरासरी काढा.

आता तो २४. हा काही निसर्गनियम नाही. आयएसआरएम स्वतः सांगते की गुणक बहुधा २० ते २५ असतो, पण खडकानुसार १५ पासून ५० पर्यंतही जाऊ शकतो. प्रकल्प मोठा असेल तर प्रत्येक खडक-प्रकाराचे काही जोड नमुने, म्हणजे त्याच कोअरचा एक तुकडा पॉइंट लोडला आणि शेजारचा लॅबला, असे करून स्वतःचा गुणक बसवा. काळ्या पाषाणाचा गुणक मांजऱ्याला आणि मांजऱ्याचा टफला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेच्या खडकाला, लावू नका.

लॅबचा आकडा तरीही जुळत नसेल

सगळ्यात आधी एकक बघा. आपल्याकडचे जुने अहवाल किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आहेत. १ एमपीए म्हणजे १०.२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. 'लॅबने दहापट दिलं' या तक्रारीचं मूळ इथेच असतं.

मग नमुना. लॅबपर्यंत पोचतो तो कोअर जो ड्रिलिंगमध्ये टिकला, पेटीत टिकला, कापताना टिकला. मऊ भाग वाटेतच चुरा झालेला असतो. कापावरच्या हॅमरने मात्र मऊ भागही मोजलाय. त्यामुळे लॅबचा आकडा जास्त येणं हे मिश्र खडकात अपेक्षितच आहे. ओल वेगळी असेल, म्हणजे साईटवर भिजलेला आणि लॅबमध्ये ओव्हनमधून काढलेला, तर तेच. कोअरची लांबी व्यासाच्या दुप्पट तरी होती का, हेही विचारा. आखूड नमुना जास्त ताकद दाखवतो.

आणि दोन्ही आकडे जुळले तरी ते दगडाचे आहेत, कातळाचे नाहीत. दख्खनमध्ये हे फार ठळकपणे दिसतं. काळ्या पाषाणाचा कोअर भरपूर ताकद दाखवतो, पण तो सांध्यांनी चिरलेला असतो, त्यातून पाणी येतं आणि बोगद्यात धोंडे सुटतात. गाठीदार खडकाचा कोअर कमी ताकद दाखवतो, पण त्यात सांधे विरळ, म्हणून कित्येक ठिकाणी तोच बोगद्याला शहाण्यासारखा उभा राहतो. ताकदीचा आकडा बघून पहिल्याला चांगला आणि दुसऱ्याला वाईट म्हणणं ही दख्खनमधली जुनी चूक आहे.

जिथे हॅमर पेटीतच ठेवावा

लाल थर, टफ, मुंबईकडचे काही ब्रेशिया (टोकदार तुकडे चिकटून बनलेले खडक) आणि बदललेला गाठीदार बेसाल्ट: इथे ताकदीपेक्षा टिकाऊपणा मोजा. मुठीएवढा तुकडा वाळवून बादलीभर पाण्यात टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. कडा झडल्या असतील, पाणी लाल किंवा गढूळ झालं असेल, तर आजचा कुठलाही आकडा पावसाळ्यानंतर लागू राहणार नाही. यात फुगणारी चिकणखनिजं असतात. कापाला उघडं ठेवायचं की लगेच शॉटक्रीट (फवारून बसवायचं काँक्रीट) मारायचं हा निर्णय या बादलीवरून घ्या.

कोकण-गोव्यातला जांभाही असाच. ताजा उकरलेला जांभा चिरा पाडता येईल इतका मऊ असतो आणि हवेवर कडक होत जातो. त्यातल्या पोकळ्यांवर प्लंजर आपटला की उसळी अर्थहीन होते. खाणीच्या तळाशी मोजलेला आणि वरच्या वाळलेल्या कवचावर मोजलेला आकडा एकाच तक्त्यात बसत नाही. चिरा कापून, भिजवून, दाबयंत्रात घालून मोजणं हाच तिथे सरळ मार्ग.

कुठल्याही जागेच्या नोंदीत निदान एवढं असू द्या: खडकाचा पट्टा आणि खडूच्या खुणेसह फोटो, ताजा की कुजका, ओल, घासलं की नाही, हॅमरचा प्रकार आणि दिशा, ऐरणीचा गुणक, वीसही कच्चे आकडे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने, आणि हातोडीची श्रेणी. कच्चे आकडे असले की रीत नंतरही बदलता येते. नुसती सरासरी उरली की काहीच तपासता येत नाही, पुन्हा घाट चढावा लागतो.